जोगळेकर सरांची सहल

जोगळेकर सर माणसाचं नाव विचारायच्या आधी वय विचारत. स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावात सरांच्या अपार्टमेंटमध्ये राहायला येऊन मी बॅग टेकवली न टेकवली, तोच प्रश्न आला, "वय?"

"सव्वीस."

"म्हणजे सत्तावीस. जन्मलास तेव्हाच एक धरायचं. धाकटा आहेस, फ्रिजमधला खालचा कप्पा तुझा."

सर मूळचे साताऱ्याचे. कोरियात तेगू नावाच्या शहरात बरीच वर्षं कॉलेजात गणित शिकवून, चाळिशीत पीएच.डी. करायला अमेरिकेत आलेले. या माणसातलं कोरियन कुठलं आणि सातारी कुठलं, हे कोडं मला काही सुटेना. साधं मीठही ते दोन्ही हातांनी देत. बसमधून उतरताना ड्रायव्हरला कमरेत वाकून नमस्कार करत. यांचं काहीतरी खाली पडलंय असं समजून तो बिचारा दर वेळी बस थांबवून ठेवी. खिडकीत बरणीत कोबी मुरत असे. वासाने हैराण होऊन मी विचारलं, "हे तरी कोरियन ना?"

"कोबी कोरियन. तिखट आईने पाठवलेलं."

एकदा वैतागून मी सोक्षमोक्ष लावायलाच बसलो, तर सर माझ्याहून गोंधळले. "अरे, तिकडे सगळे म्हणायचे, इंडियन लोक असंच करतात वाटतं. इथे तू मला कोरियन ठरवतोस. कुठलं कुठे उचललं, मलाच आता सांगता येत नाही बघ."

त्या सेमिस्टरला सरांना फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांचा गणिताचा वर्ग मिळाला. शिकवणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण पोरं समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसायची, सरांना खुशाल पहिल्या नावाने हाक मारायची आणि तास संपला की पांगायची. सर हळहळत, "नुसती मुलं आहेत, वर्ग झालेला नाही अजून." तेगूत यावर ठरलेला उपाय होता. रविवारी सगळ्यांना घेऊन डोंगर चढायचा. वर एकत्र बसून जेवलं की मुलं आपली होतात. सरांनी वर्गात आमंत्रण दिलं आणि पोरं एका सुरात म्हणाली, "श्युअर! साउंड्स ग्रेट!"

घरी हे ऐकून मी म्हटलं, "सर, इथे श्युअर म्हणजे 'बघू' असतं. फार सिरियसली घेऊ नका."

"मास्तरांना कुणी 'बघू' म्हणत नसतं," सर म्हणाले आणि तांदूळ धुवायला गेले.

शनिवार सगळा स्वयंपाकात गेला. समुद्री शेवाळाच्या काळ्या पापुद्र्यावर भात थापायचा, मध्ये बटाट्याची भाजी आणि गुंडाळी. गुंडाळ्या वळायचं काम अर्थातच धाकट्याकडे.

रविवारी बसस्टॉपवर आम्ही दोघं आणि फुगलेल्या पिशव्या. एक बस आली, गेली. दुसरी गेली. सर प्रत्येक बसमध्ये मान घालून पार मागच्या सीटपर्यंत बघून येत. "परीक्षा असेल त्यांची," ते म्हणाले. परीक्षा घेणारे तेच होते. शेवटी म्हणाले, "चल. परस्पर वर येतील."

वर चिटपाखरू नव्हतं. सरांनी चादर अंथरली, वर्गभर पेपर प्लेट मांडल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीत खडा ठेवला. आम्ही जेवलो. मी दुपटीने खाल्लं, तरी ढीग काही कमी दिसेना. सर एकदाही तक्रारीचा शब्द बोलले नाहीत, त्यापेक्षा बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मग त्यांनी कॅमेरा काढला. सहल म्हणजे ग्रुप फोटो हवाच. कॅमेरा दगडावर ठेवला, टायमर लावला, मला एका टोकाला उभं केलं आणि स्वतः धावत दुसऱ्या टोकाला गेले. हे काहीतरीच, म्हणून मी त्यांच्याकडे सरकायला लागलो.

"जागा सोड!" सर ओरडले. "मागाहून आले तर उभे कुठे राहतील?"

हसू यायला हवं होतं, पण मला गलबलून आलं. सर ताठ उभे राहून कॅमेऱ्याकडे बघत हसत होते. मी मुकाट्याने माझ्या टोकाला गेलो आणि त्या पोरांसाठी आणखी थोडा बाजूला सरकलो.