दर्याबाईसाहेबांनी धावती कुत्री पसंत केली ते वर्तमान

श्रीगजाननास नमन, कुळस्वामिनीस नमन, आणि खरे तेच वदविणाऱ्या वाणीस नमन. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे धनी कैलासवासी जाहले, पुत्रसंतान नाही, म्हणोन गादी त्यांचे कुटुंब दर्याबाईसाहेब यांजकडे आली. परंतु कारभार धाकटे दीर हैबतराव यांनी हाती घेतला, आणि बाईसाहेबांनी तेव्हापासून गढीचा दरवाजा ओलांडिला नाही. कोणी अडविले ऐसेही नव्हते. आज ऊन फार, उद्या वाट वाईट, परवा घोडी लंगडते, ऐसे हैबतरावांनी सांगावे आणि बाईंनी ऐकावे. ऐकता ऐकता पायांची चालण्याची सवय गेली, आणि मुलूख आपला की दिरांचा याचाही विसर पडो लागला. ते समयी कासमखान नामे सौदागर थोर जातीची दोन कुत्री घेऊन सदरेस आला. एक पहाडी कुत्रा, भालू नावाचा, रुंद छातीचा, केसाळ. दुसरी शिकारी कुत्री, भिंगरी नावाची, उंच, पोट पाठीस लागलेले, पाय वेताच्या छडीसारखे. बाईंनी दोहोंचे गुण विचारिले. सौदागराने अर्ज केला की, दोन्ही जातिवंत आणि दोन्हींस मोकळे रान पाहिजे. भालू दिवसभर संथ चालेल आणि सांगितले जागी पहारा देईल. भिंगरीस मात्र रोज ऊर फुटेतो धावू न दिले तर गाद्या-लोड फाडील, आणि मग दोष तिजवर ठेवू नये. हैबतराव बहुत मायेने बोलिले की, वहिनीसाहेबांनी भालू ठेवावा, तो दारात बसेल, आपण आत निर्धास्त असावे. सदरेवरील मंडळींनी माना डोलाविल्या. ती माया ऐकोन बाई मनात चरकल्या. दारात बसविलेला पहारा आपल्यालाच आत ठेवावयास आहे, हे त्यांस तेव्हा उमगले. मग भालूचे मस्तकावर हात फिरवून त्या बोलिल्या, “हा गुणाचा आहे. याला धनगरांकडे द्या, तिथे याच्याजोगे काम आहे. आमच्याकडे ही राहील.”

हैबतराव म्हणाले, “वहिनीसाहेब, हिला रोज पळवणार कोण?”

“आम्ही,” बाई म्हणाल्या.

सदरेत कोणी हसले, आणि कोण हसले ते बाईंनी पाहून ठेविले. मग दुसरे दिवशी सकाळी बाई दोरी मनगटास गुंडाळून निघाल्या, आणि वेशीबाहेर ससा उठला, आणि भिंगरीने ऐसा हिसका दिला की बाई दगडांवर पडल्या आणि डावे मनगट मोडले. वैद्याने हात झोळीत बांधिला. हैबतराव समाचारास आले, कुत्री परत करावी ऐसे बोलून गेले, दासींनीही तेच विनविले. बाईंस दुखत बहुत होते, आणि आपण हट्टाने हसे करून घेतले ही लाजही होतीच. तरी सकाळ होताच त्यांनी दोरी उजव्या हाती धरिली आणि निघाल्या. पुढे दोरी गुंडाळू नये हे कळले, आणि कुरणात पोचल्यावर कुत्रीस मोकळे सोडावे हे कळले, आणि ती वाऱ्यासारखी जाऊन परत येई तोवर बाई चालत राहात. चालता चालता गावे लागली, आणि रयत वाटेत भेटून बोलू लागली. तेव्हा कळले की, ओढ्याकाठचे गायरान हैबतरावांनी आपले घोड्यांसाठी कुंपण घालून घेतले आहे आणि गावची गुरे उपाशी हंबरतात. बाईंनी तेथेच उभे राहून कुंपण मोडविले. ते हैबतरावांस सोसले नाही. मग एके सकाळी बाई कुत्रीसह बाहेर निघावयास आल्या तो गढीचे दरवाजास अडसर, आणि पहाऱ्यावरील भिवजी नाईक खाली पाहून म्हणाला, “सरकार, रावसाहेबांचा हुकूम आहे. उघडू नये म्हणतात.”

“नाईक, गादी कोणाची?”

“आपली.”

“मग?”

नाईक पोटापाण्याचा माणूस, त्याचेही संकट थोडे नव्हते. शेवटी त्याने अडसर काढिला. इतक्यात हैबतराव धावत आले आणि दरवाजात आडवे उभे राहिले, आणि घराण्याच्या अब्रूचे बहुत बोलिले. बाईंनी आवाज चढविला नाही.

“भावोजी, कुत्री बाहेर जाणार, आणि दोरी आमच्या हातात आहे. बाजूला व्हा.”

पाहावयास जमलेल्या माणसांनी तट भरला होता. हैबतराव बाजूस जाहले. भिंगरीने त्यांचा जोडा हुंगिला आणि पुढे गेली.

येणेप्रमाणे गायरान रयतेकडे राहिले, हैबतराव कारभार सोडून आपले जहागिरीस गेले, भालू धनगरवाड्यात सुखी जाहला, आणि बाईसाहेबांनी पुढे राज्य केले ते बहुतांशी पायी फिरून. मनगट वाकडेच जुळले. ते शेल्याखाली झाकावे ऐसे कोणी सुचविले, ते त्यांनी मानिले नाही.