दोन रांगांमधला माणूस

हुसेनमामूंना कुठेही दोन रांगा दिसल्या की ते मधून चालायला लागतात. दावतीत जेवणाऱ्यांच्या मधून, दवाखान्यात खाटांच्या मधून, रेशनच्या दुकानात बाया आणि बाप्यांच्या मधून. हात पाठीमागे, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. "मामू, काय हरवलं?" असं विचारलं की म्हणतात, "काय न्हाय. तार बघतो."

उभं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर गेलं त्यांचं. कारखाना स्वतःचा, पण छोटा. मालक तेच, कारागीर तेच. लूमच्या दोन ओळींमधून फिरत राहायचं, सुताची तार तुटली की थांबायचं, गाठ मारायची, पुढे. सूत परवडेना म्हणून कारखाना बंद पडला. पाय मात्र बंद पडले नाहीत.

एकदा मी घराची किल्ली विसरलो, ती द्यायला शेजारचे मामू मी शिकवतो त्या कॉलेजात आले. माझ्या वर्गात परीक्षा चालू होती. बाकांच्या रांगा दिसल्यावर मामू थांबतात कसले? लागले फिरायला. करारी चेहरा, पांढरी दाढी, मान डावी-उजवी. पोरांना वाटलं भरारी पथक आलं. शर्टात, मोज्यात लपवलेले कागद पटापट गिळले गेले. तेवढी शांत परीक्षा मी नोकरीत पाहिली नाही.

मामूंचं बोलणंही दोनच तऱ्हेचं. एकतर कल्याण नाक्यापर्यंत जाईल असं, नाहीतर अजिबात आवाज नसलेलं. लूमच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही, तिथे ओठ हलवायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. खैरूमामी त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या. त्यांचं लग्न, भांडणं, पोरांची नावं, सगळं या ओठांवरच ठरलं. घरी आल्यावर "मीठ दे" आणि "दिवा घालव", एवढंच.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो. मीही फारसा बोलत नाही. वर्गात बोलतो, बाकीचं गिळतो. हे लिहायला बसलो ते मात्र एका 'नाही'मुळे.

झालं असं, की माझ्या वर्गातल्या तन्मयला म्युझिक व्हिडिओ करायचा होता. गाणं त्याच्या ग्रुपचंच, प्रेमाचं. त्यात ओळीओळीला 'धागा'. लोकेशन म्हणून त्यांना बंद कारखाना हवा होता. मी पोरांना घेऊन गेलो आणि मामूंना विचारलं.

"देतो की. पन लूम चालू पायजेत. आन मामी बघायला येनार."

मग गाण्याचे शब्द ऐकून म्हणाले, "आन मास्तर, पोरांना सांगा, धागा दर्जीच्या सुईत असतो. लूमवर तार."

तन्मय म्हणाला, "मामू, तार म्हटलं तर लोकांना शॉक बसेल."

पोरं गेल्यावर मामू पहिल्यांदाच माझ्यासमोर हळू आवाजात बोलले. लूम त्यांनी कोन गावच्या भंगारवाल्याला विकले होते. सोमवारी टेम्पो येणार होता. मामीला ठाऊक नव्हतं.

"सांगा ना मग."

"घरात सांगायला बसलो की माझाच आवाज मला ऐकू येतो. परका वाटतो. मंग म्हनतो, चाय ठेव." ते खोलीभर येरझाऱ्या घालत होते; रांगा नव्हत्या तरी. "लूम चालू असले तर सांगेन."

दुसऱ्या दिवशी मामीने मला जिन्यात गाठलं. हातात कोथिंबीर. "मास्तर, लूमचा सौदा झाला का वो?"

"नाही, मामी," मी म्हणालो. विचारसुद्धा न करता. इतक्या सफाईने मी कधी खरंही बोललो नव्हतो.

त्यानंतर मामी जिन्यात नाही असं बघूनच मी खाली उतरायचो.

शूटिंगच्या दिवशी कारखान्यात लूमच्या दोन ओळी, मधे नटलेली हिरोईन, हातात कांडी. स्पीकरवर गाणं सुरू झालं, तिने ओठ हलवले, मान वेळावली, आणि तिच्या मागून मामू गेले. मान डावी, मान उजवी.

"कट! मामू, प्लीज!"

"तू चालू ठेव, बाला. तार बघतो."

"लूम बंद आहेत, मामू!"

मी त्यांना स्टुलावर बसवलं. पुढच्या टेकला स्टूल रिकामं. कॅमेऱ्यावरचा पोरगा म्हणाला, "भाई, मामू को ही हीरो बना दे." मामी दारात उभी होती, हसली नाही. मामू तिच्याकडे बघायचे, तोंड उघडायचे, मिटायचे, परत फिरायचे.

मी तन्मयला म्हणालो, "लूम कधी लावायचे?"

"नाही लावत, सर. त्या आवाजात गाणं ऐकूच येणार नाही. बंदच भारी दिसतायत. आवाज नंतर टाकतो ना."

मामूंनी हे ऐकलं. ते चालायचे थांबले. त्यांना थांबलेलं मी प्रथमच पाहत होतो.

"लूम चालतील," मी म्हणालो.

"सर, पण गाणं..."

"खड्ड्यात गेलं तुझं गाणं!"

मी असं ओरडू शकतो हे पोरांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तन्मयने मुकाट बटण दाबलं.

जमीन हादरली. धूळ उडाली, हिरोईन कानांवर हात ठेवून बाहेर पळाली. मामू ओळींत शिरले. टोकापर्यंत जायचे, वळायचे, मामीकडे तोंड करायचे, ओठ हलवायचे. पुन्हा टोक, पुन्हा ओठ. मामीचे डोळे त्यांच्या तोंडावर खिळलेले. मधेच तिचेही ओठ हलत. मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

थोड्या वेळाने ती माझ्याजवळ आली, कानाशी तोंड आणून ओरडली, "सांगितलं त्यानं."

"मामी, मी तुमच्याशी खोटं..."

"ठावं हाय. भंगारवाल्याची बायको माझी मावसबहीन लागते. सौदा झाला त्याच सांजेला तिनं सांगितलं."

"मग मला कशाला विचारलंत?"

"कुनीतरी माझ्याशी बोलावं म्हनून."

तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. ती पुन्हा लूमकडे वळली होती. मामू आता टोकाला न जाता मधेच वळत होते, ओठ भराभर हलत होते, डोळे वाहत होते. ही नुसती टेम्पोची बातमी नव्हती, एवढं ओठ वाचता न येणाऱ्या मलाही कळलं.

तन्मय बटणाकडे सरकला. "झालं ना, मामी? करू बंद?"

मामीने बटणावर तळहात ठेवला.

"राहू दे, बाला," ती ओरडली. "आजून बोलतोय तो."