मरळीच्या पिल्लांचा बाप

गळ टाकण्यात अख्ख्या बाळापुरात माझा हात धरणारा कोणी नव्हता! हे मीच सांगतो असं नाही हो, तेव्हा सगळेच म्हणायचे. निदान माझ्यासमोर तरी.

कापसाचे दिवस होते ते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे आमच्या काळ्या रानातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. कोणी बैलांची शिंगं चांदीनं मढवली, कोणी जरीचे फेटे बांधले. मी मुंबईहून विलायती पोलादी गळ मागवला आणि तो दागिन्यासारखा गावभर मिरवला!

त्या चैतात सासरे खुशालराव बार्शीटाकळीहून येणार होते, माझ्या पहिलटकरीण बायकोला, रुख्मिणीला, बाळंतपणासाठी माहेरी न्यायला. माणूस असा कडक, की त्यांच्यापुढे शिंकायलाही परवानगी लागे. म्हटलं, यांना हातभर लांब मरळ माशाचा रस्सा खाऊ घालायचा आणि एकदाची छाप पाडायची!

मन नदीच्या डोहावर मैनाबाई भोईण राहायची. तिनं आदल्या दिवशीच बजावलं होतं, "जानरावभाऊ, सध्या गळ नोका टाकू. मरळीनं पिल्लं काढले हायेत. बाप राखन करून राहिला. त्याले उचललं तं एकबी वाचनार नाही."

"बरं बाई," म्हटलं. आणि सकाळी तिची पाठ वळताच गळ टाकला!

बाप कसला, पहिलवान होता तो! पाण्यावर तांबड्या पिल्लांचा पुंजका बुडबुडत होता. गळ त्यात पडताच तो खालून उसळला. मी हिसका दिला, त्यानं हिसका दिला. तो काठावर आला आणि मी डोहात!

मैनाबाई धावत आली. तडफडणारा मासा तिनं पाण्याच्या मडक्यात घातला. "पाहा तिकडं!"

पाहतो तर काय! दाणे टिपावेत तसे बारके मासे पिल्लं टिपत होते.

"गळ जबड्यात रुतला हाये. काढाले येळ लागन. तवर तुमीच राखा!"

"मी?"

"बाप तुमीच उचलला नं? मंग!"

छातीभर पाण्यात उभा राहून मी हात आपटू लागलो. "हट! हाड!" पिल्लं माझ्या पोटाशी गोळा झाली. गुदगुल्या होत होत्या, पण खोटं कशाला बोलू, जरा अभिमानही वाटला.

नेमकी तेव्हाच सासऱ्यांची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, काठावर येऊन थांबली.

"अरे, जावई बुडून राहिला!" खुशालराव धोतर खोचून पाण्याकडे धावले.

"मामाजी, नोका येऊ! लेकरं चेंगरतीन!"

ते थबकले. "कोनाचे लेकरं?"

"माहे! म्हंजे... सध्या माह्याकडं हायेत!"

"किती?"

"मोजले नाही. हजारभर असतीन!"

सासरे मटकन खाली बसले. मग मैनाबाईकडे वळून खोल आवाजात म्हणाले, "बाई, ह्या लेकरायची माय कोन?"

तिचं सारं लक्ष मडक्यात. "असन इथंच कुठंतरी. बापाले धरलं हाये म्या!"

तेवढ्यात गळ निघाला. तिनं मडकं पाण्यात कलतं केलं. मासा थेट माझ्याकडे आला, मांडीला सणसणीत ढुशी दिली आणि सारी पिल्लं घेऊन खोल गेला. इतक्यांतलं एकही माझ्यापाशी थांबलं नाही!

सगळा उलगडा झाल्यावर सासरे असे हसले, की दमणीचे बैल बुजले. संध्याकाळी वांग्याच्या भाजीशी भाकर खाताना तोंडातला घास सांभाळत पुन्हा हसले. "जानराव, पोरीची आता मले काळजी नाही," म्हणाले.

पुढं कितीतरी वर्षं बार्शीटाकळीच्या वेशीत पाय ठेवला, की कोणीतरी विचारायचंच, "जावईबापू, डोहातले लेकरं बरे हायेत नं?" माझ्या अंगाची लाहीलाही व्हायची!

कापसाचा भाव उतरला. सासरे गेले, मैनाबाई गेली. परवा बऱ्याच वर्षांनी बार्शीटाकळीला गेलो. वेशीपासून चावडीपर्यंत मुद्दाम हळूहळू चाललो. कोणी काही विचारलं नाही. शेवटी विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला मीच म्हटलं, "लेकरं बरे हायेत बरं का!"

तिनं कळशी खाली ठेवली, मला ओंजळभर पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "बुढेबाबा, ऊन लागलं काय तुमाले?"