न बोलणारे पाहुणे

कोथरूडच्या मुक्ताबाईंना दुपारच्या उन्हात पडद्याच्या दांडीवरून बायका चालताना दिसू लागल्या, तेव्हा सून प्रेमलानं आधी खिडक्या लावून घेतल्या आणि मग डोळ्यांचा डॉक्टर गाठला. बायका वीतभर उंचीच्या, नऊवारीतल्या, डोक्यावर शेवंतीच्या पाट्या. मागून एक निळा घोडा, अगदी सावकाश. खरं सांगायचं तर मुक्ताबाईंना तो सगळा लवाजमा आवडायचा.

"हे वेड नाही," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू असतो, तो झिजलाय. पुरेसं चित्र आत जात नाही, मग मेंदू आपल्या मनाची चित्रं रंगवतो. चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. ही माणसं कधी बोलत नाहीत. दिसली की नजर डावी-उजवीकडे फिरवा, जातील."

"म्हंजी मेंदू रिकामा बसत न्हाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "आमच्या संभाजीचा बसतो." संभाजी हा त्यांचा मुलगा, तो शेजारीच बसला होता.

पण रविवारी नातीला, शालूला, बघायला मुळशीचे पाहुणे येणार होते, आणि सोयरिकीत सिंड्रोमला सरळ वेड म्हणतात. "आत्याबाई, त्या बायकांचं नाव काढायचं नाही. पोरीचं लग्न मोडेल," प्रेमलानं बजावलं. जो बोलेल तो पाहुणा, बाकी सगळा भास, एवढं मुक्ताबाई दोन दिवस घोकत राहिल्या.

पाहुणे आले. सगळे बोलत होते, म्हणजे सगळे खरे. कोपऱ्यातल्या खुर्चीत मात्र एक गुलाबी फेटा गप्प बसला होता. ते होते मुलाचे आजोबा, जयसिंगराव. मुक्ताबाईंनी नजर डावीकडे नेली, उजवीकडे नेली. फेटा जागचा हलेना. पुन्हा नेली. मुलाच्या आईच्या कपाळाला आठी पडली, प्रेमला खोकली.

"आजचा चिवट हाय," मुक्ताबाई पुटपुटल्या, आणि गरम पोह्यांची ताटली त्या रिकाम्या खुर्चीत ठेवून मोकळ्या झाल्या.

"आई गं," फेटा म्हणाला.

प्रेमलाला धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं. मुक्ताबाईंचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. तुमी बोलला न्हाईत, मला वाटलं, डोळ्यातलं हाय." मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. बायका, घोडा, पीतबिंदू. "पोरीला दोष देऊ नका. डोळ्याचा आजार हाय, वेड न्हाई."

मुलाची आई पर्स उचलत म्हणाली, "घरी जाऊन कळवतो." याचा अर्थ पुण्यात शेंबड्या पोरालाही कळतो.

जयसिंगराव मात्र मांडीवरचे पोहे तसेच ठेवून मुक्ताबाईंच्या कानाशी वाकले. "याला नाव हाय व्हय? मला हत्ती दिसत्यात, अंबारीसकट. घरात कुणाला बोललो न्हाई. अन् तुमी एवढी थोरली नथ घालून आलात, मला वाटलं, हीबी तसलीच. म्हणून तर गप बसलो."

"हत्ती कोणत्या रंगाचे?"

"पिस्त्याच्या."

"लई छान," मुक्ताबाई मनापासून म्हणाल्या. दोघं बराच वेळ पडद्याच्या दांडीकडे बघत राहिली.

तेवढ्यात शालू चहा घेऊन आली. जयसिंगरावांनी दबक्या आवाजात विचारलं, "ही खरी का?"

"हात लावून बघा. भासाला हात लागत न्हाई."

जयसिंगराव उठले. चाचपडत त्यांनी शालूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि चांगलं थोपटून खात्री करून घेतली.

थोरल्यांनी सर्वांदेखत आशीर्वाद दिला म्हटल्यावर बोलायला काही उरलंच नाही. मुलाच्या आईनं पर्स खाली ठेवली आणि कुंकवाचा करंडा मागवला.