वली साहेब रजेवर

रफीकभाई कुठल्याही वस्तूकडे बघून आधी एकच विचारतात, "हे कोनाचं हाय?"

टेबलावरचा पेन, जिन्यातली चप्पल, खिडकीत वाळत घातलेला रुमाल, कशालाच सूट नाही. एकदा ऑफिसच्या पायरीवर एक कुत्रं येऊन बसलं. आम्ही सगळे त्याला ओलांडून आत गेलो. रफीकभाई मात्र शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारून आले, सलूनमध्ये विचारून आले आणि शेवटी त्या कुत्र्यासमोरच उकिडवे बसले. "कोनाचा हायेस बे तू?" उत्तर आलं नाही. दुपारी त्यांनी त्याला बिस्किटं घातली. तेव्हापासून ते कुत्रं त्यांचं.

आमची कंपनी कापूस लावणाऱ्यांना फोनवर सल्ला देते. मुख्य ऑफिस पुण्यात, एक शाखा इथे बुलढाण्यात, बसस्टँडच्या मागे. प्रोग्रॅम लिहिणारे इथे दोघंच, रफीकभाई आणि मी. "फवारणीसाठी एक दाबा, बाजारभावासाठी दोन दाबा" असं सांगणारा बाईचा आवाज कधी ऐकला असेल, तर तो आमचाच असू शकतो. बीटी कापसाला अळी लागत नाही असं सगळे धरून चालले होते आणि वरून धडधाकट दिसणारी बोंडं आतून गुलाबी अळीने पोखरलेली निघाली, त्या हंगामात तो आवाज दिवसभर थांबत नसे.

मी बुलढाण्याचीच, पण इंग्रजी शाळेतली आणि मुळात कमी बोलणारी. फोन वाजला की मी त्याच्याकडे बघत बसते. वाजायचा थांबला की मेसेज करते. रफीकभाईंनी पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं, "कॉन्व्हेंटवाली."

रफीकभाईंच्या टेबलावर एक लाल रंगाचा जुना फोन आहे. तो वाजला की ते काहीच बोलत नाहीत. रिसीव्हर कानाला लावतात, डोळे मिटतात आणि घशातल्या घशात गुणगुणतात, "ढुंई... ढुंई... ढुंई..." मग बराच वेळ "हाव", "हाव ना", "मंग?" एवढंच. हिशेब बघणाऱ्या वैशालीताई मला हळूच म्हणाल्या होत्या, "भाईचा एक स्क्रू ढिला हाय. मनाले लावून घेऊ नको."

गेल्या वर्षी पुण्याहून माझ्याकडे एक काम आलं. कंपनीचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेले असतात. त्यांना आम्ही रेपो म्हणतो. वर्षानुवर्षं ते वाढत गेले होते आणि कुठला कोणाकडे आहे, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. प्रत्येक रेपो कुठल्या टीमचा, हे एका जागी दाखवणारी सेवा मला उभी करायची होती. नियम दोन. टीम किमान दोघांची हवी, कारण एक आजारी पडला तर दुसऱ्याने बघायचं. आणि महिनाअखेर ज्या रेपोला टीम नसेल, तो बंद.

मी रकान्याला नाव दिलं, "मालक". रफीकभाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"मालक काऊन लिहिलं? मालक त विकून बी टाकते. ज्याले कोनी नाही त्याले काय म्हनते आपल्याकडे?"

"बेवारस?" मी म्हणाले.

"अरे, मेला नाही तो अजून! कोनी वाली नाही, असं म्हनते. वाली लिव्ह, बेटा."

मला तो शब्द आवडला. रकान्यात मराठी अक्षरं नीट उमटेनात म्हणून मी तो रोमन लिपीत टाकला, Vali. घोळ असा झाला, की जागा रिकामी दिसली की माझा प्रोग्रॅम तिथे रकान्याचंच नाव भरत होता. आणि बहुतेक जागा रिकाम्याच होत्या.

दोन दिवसांनी पुण्याच्या मॅडमनी मीटिंग लावली. पडद्यावर त्यांचा चेहरा चिंतेत होता. "हे मिस्टर वली कोण आहेत? अर्धी कंपनी त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. एवढं काम एका माणसावर? आणि ते मीटिंगला का नाहीत?"

रफीकभाई पुढे सरकले आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, वली सायेब रजेवर हायेत."

"कधीपासून?"

"म्या नोकरीले लागलो, त्याच्याही आंधीपासून."

वैशालीताई तोंडात पदर कोंबून बाहेर पळाल्या. मग मी मेसेज लिहून खरं काय ते कळवलं. मॅडमही हसल्या. पण तारीख काही हलली नाही.

त्यानंतर रफीकभाईंनी ते काम स्वतःचं असल्यासारखं अंगावर घेतलं. पुण्याला एकेकाला फोन लावून विचारायचे, "हे कोनाचं हाय?" हा प्रश्न पहिल्यांदाच कंपनीच्या उपयोगी पडत होता. एकेक जागा भरत गेली. शेवटी एकच उरला. त्याचं नाव होतं "चूप". कोणाला विचारलं तरी, माहीत नाही. मी तो बंद करायच्या यादीत टाकला आणि रफीकभाईंना सांगितलं.

ते पहिल्यांदाच काही विचारेनात.

"तो माहा हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. काही लोक फोन लावतात, बाईचा आवाज संपतो, तरी एक दाबत नाहीत, दोन दाबत नाहीत. बोलतही नाहीत. नुसते धरून बसतात. तसा फोन कापला जायचा. "चूप" तो कापत नाही, लाल फोनवर पाठवतो.

"पण तुम्ही ते गुणगुणता कशाला?"

"माहे अब्बा पिंजारी होते, सुलतानपूरले. गाद्यांचा कापूस पिंजायचे. पिंजनाची ढुंई ढुंई चालू झाली, की घरातली बाई बोलाले लागे. सासूचं, नवऱ्याचं, सगळं. आवाजात कोनाले आयकू जात नाही, असं वाटे तिले. अब्बाले सगळं आयकू ये. त्यायनं कधी कोनाले सांगितलं नाही."

लाल फोनची वायर ते बोटाला गुंडाळत राहिले.

"गजानन माहा शाळेतला दोस्त, कापूस लावे. अळीच्या सालात त्याचा फोन आला होता, भर दुपारी. बोलेच ना. म्या दोनदा इचारलं, कोन बोलते? मीटिंग होती. ठेवून देल्ला. तो त्याचा शेवटचा फोन." वायर सुटली. "पुढच्या साली सहज त्याचा नंबर लावून पाह्यला. कोनीतरी बाई बोलली. म्या इचारलं, हा नंबर कोनाचा हाय? म्हने, आता माहा हाय."

मी माझ्या जागेवर येऊन बसले.

दोघांची टीम हवी, हा नियम मीच प्रोग्रॅममध्ये घातला होता. रफीकभाई एकटे होते. वैशालीताई प्रोग्रॅमवाल्या नव्हत्या. पुण्यातून कोणी येणार नव्हतं. मी "चूप"समोर त्यांचं नाव लिहिलं. मग दुसऱ्या जागेत कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.

संध्याकाळी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्यात डोकं घातलं. "हे दुसरं नाव कोनाचं हाय?"

"माझं."

ते हसले. "कॉन्व्हेंटवाली होतीस, आता चूपवाली झालीस."

तेवढ्यात लाल फोन वाजला. मी सवयीने त्याच्याकडे बघत बसले. रफीकभाई हलले नाहीत.

"घे," ते म्हणाले. "तुहाच हाय."

मी रिसीव्हर उचलला. पलीकडे कोणी बोललं नाही. लांबवर एक गाय हंबरली, आणि अगदी जवळ कोणाचा तरी श्वास. मलाही बोलायला काही नव्हतं. मी डोळे मिटले आणि हळूच सुरू केलं, "ढुंई... ढुंई..."

बऱ्याच वेळाने एक म्हातारा आवाज म्हणाला, "आज भाऊ नाही का?"

"आहेत," मी म्हणाले. "आम्ही दोघं आहोत."