खारूच्या हाती लागू नये म्हणून

"आता दोन दिवस मी फक्त झोपणार," विश्रामगृहाच्या खोलीत पाऊल टाकताच बायको म्हणाली. "तळं-बिळं तू बघून ये आणि कसं होतं ते मला सांग."

तिचं म्हणणं रास्तच होतं. सातवा महिना चालू होता. दिवसभर शाळेत उभं राहून भूगोल शिकवायचा आणि घरी आल्यावर चार वर्षांच्या लेकीने दडवलेल्या वस्तू शोधायच्या, यात तिचा जीव मेटाकुटीला आला होता. लेकीला घरीदारी सगळे खारू म्हणत. बापाचं घड्याळ कपडे धुण्याच्या मशीनमध्ये, आईची चप्पल उशीच्या अभ्र्यात, असा तिचा कारभार होता. त्यातून जे वाचे ते बाप हात पोचेल तितक्या उंचावर नेऊन ठेवी, आणि त्याचा हात बराच पोचत असे.

पण झोप उडायचं खरं कारण वेगळंच होतं. दुसरं आलं की खारूकडे कोण बघणार, तिला परकं वाटलं तर, या काळजीने आई रात्रभर कूस बदलत राही. हे तिने नवऱ्याला सांगूनही पाहिलं होतं. "होईल सगळं नीट," असं म्हणून तो घोरायला लागला होता. शेवटी तिच्या आईनेच दोघांना घराबाहेर काढलं. "दोन दिवस खारू माझ्याकडे. आणि सारखे फोन करून माझं डोकं खाऊ नका. जगबुडी झाली तरच करा!"

"अरे, माझी लांब उशी गाडीतच राहिली. आण ना," खुर्चीत टेकत बायको म्हणाली. पोटाला टेकू देणाऱ्या त्या उशीशिवाय तिला आडवंच होता येत नसे.

नवऱ्याने एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. "किल्ली?"

"मला काय विचारतोस? गाडीला कुलूप तू लावलंस."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. अख्ख्या गावाला त्याच्यामुळे नीट दिसे, पण स्वतःच्या वस्तूंच्या बाबतीत मात्र आनंदच होता. तो गुडघ्यांवर बसला. भूगोलाच्या बाईंनी, म्हणजे बायकोने, खुर्चीतूनच नकाशा आखून दिला. "पूर्वेला पलंग, दक्षिणेला मोरी. आधी बुटात बघ. मग कचऱ्याच्या डब्यात."

सवयच तशी होती. घरात काही हरवलं की दोघं आधी अशाच जागा धुंडाळत. खारू इथे नाहीच, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"बुटात नाही! काय ही कार्टी! आता मात्र मी तिला चांगलाच दम देणार आहे," तो पलंगाखालून म्हणाला.

"ओरडू नकोस हं तिच्यावर. लहान आहे ती."

एवढ्यात दारावर थाप पडली. आत आल्या त्या व्यवस्थापक बाई. फाटकावर "लहान मुलांना प्रवेश नाही" ही पाटी त्यांनीच स्वतःच्या हाताने रंगवली होती.

"मूल कुठंय?" त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"कुठलं मूल?"

"ज्याला दम देताय ते! सगळं ऐकलंय मी जिन्यातून."

"अहो, ती आजीकडे आहे."

"मग पलंगाखाली काय आजी राहते?"

नवऱ्याने किल्लीची कथा सांगितली. बाईंचा काडीचाही विश्वास बसला नाही. त्यांनी पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूने त्याही पलंगाखाली शिरल्या. एकजण किल्ली शोधत होता, दुसरी मूल. दोघांची डोकी मधोमध आपटली.

"जगबुडी झाली!" असं जाहीर करून बायकोने आईला स्पीकरवर फोन लावला. "आई, खारूला दे. खारू, बाबाची गाडीची किल्ली कुठे ठेवलीस गं?"

"मी नाय घेतली," फोनमधून खणखणीत आवाज आला. व्यवस्थापक बाई पलंगाखालून बाहेर आल्या. "बाबा, वर बघ ना! तू सगळं वरच ठेवतोस."

नवरा उठला. त्याने कपाटाच्या माथ्यावरून हात फिरवला. किल्ली तिथेच होती, अगदी मागे, भिंतीला टेकवून.

"तुला कसं कळलं?" त्याने ओशाळून विचारलं.

"मला माहितीये! लिमलेटच्या गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर, रंगपेट्या फ्रीजवर. मी स्टुलावर चढून घेते."

तीन वर्षांचा बंदोबस्त पाण्यात गेला होता.

"पडली असतीस म्हणजे?" आई म्हणाली. "पुन्हा चढायचं नाही हं!"

"बरं. पण मग बाळाला कोण देणार? त्याचा हात नाय पोचणार. मी त्याच्यासाठी गोळ्या ठेवल्यात. खाली. कुठे ते तुम्हाला नाय सांगणार."

फोन बंद झाला. बायको रडत होती आणि हसतही होती. व्यवस्थापक बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कधीची तारीख आहे?" त्यांनी हळूच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघताय काय? जा, उशी आणा तिची."

तो धावत गेला आणि उशी काखेत मारून परत आला. बाई निघून गेल्या होत्या. बायको खुर्चीतच, मान कलती करून, गाढ झोपली होती. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा त्याने इतका निवांत पाहिला नव्हता.

तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने खिडकीचा पडदा ओढला, पाय न वाजवता कपाटापाशी गेला, आणि ती लांबलचक उशी अलगद कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिली.