लाल रेघा आणि फत्तेसिंगची पत्रिका

नंदुरबारात कॉम्प्युटरच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही. हे मीच म्हणतो, पण ठामपणे म्हणतो!

त्या दिवशी कोरीटचा फत्तेसिंग माझ्या छपाईच्या दुकानात मुलीची लग्नपत्रिका छापायला बसला होता. पहिली पत्रिका उद्या सकाळी प्रकाशा गावच्या महादेवापुढे ठेवायची, मग गावात वाटायची. बेचाळीस काका-मामांची नावं टाइप करून झाली, आणि फत्तेसिंगने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"भाऊ, मन्ही पोर रविनाना नावखाले लाल रेघ काब शे? जवाई दिग्विजयना नावखाले बी शे! मास्तर चुकीवर मारस तशी!"

खरं तर कॉम्प्युटर मराठीला इंग्रजी समजून त्या रेघा मारत होता. कागदावर त्या उमटत नाहीत. एवढं सांगितलं असतं तर विषय मिटला असता. पण मी म्हणालो, "दोन मिनिटं! भाषा बदलतो, रेघा गायब!"

भाषांची यादी उघडली. चष्मा घरी होता. मराठी समजून एका नावावर टिचकी मारली आणि कॉम्प्युटर विचारेल त्याला 'हो' म्हणत गेलो. तो बंद होऊन पुन्हा चालू झाला, तर सगळं गुजरातीत! पत्रिकेवर एक चौकट येऊन बसलेली. आत एक ओळ, खाली तीन बटणं. एकाने पत्रिका वाचणार, एकाने कायमची जाणार, हे कळत होतं. कोणत्याने, ते कळेना!

"हाई काय करी टाकं भाऊ?" फत्तेसिंग उठून उभाच राहिला.

तेवढ्यात माझी बायको योगिता चहा घेऊन आली. "अहो, मी दखू का?"

"तू चहा दे! हे मशीनचं काम आहे!"

मधल्या बटणावर बोट नेलं, मागे घेतलं. डावीकडे नेलं, तिथूनही घेतलं.

"भाऊ, बेचाळीस नावं शेत! एक मामा जरी राही गया, तर मांडवमा लाठ्या निंघतीन!"

"अहो, मी एकदाव..."

"योगिता, गप बस गं!"

मग मला एकदम सुचलं. शेजारचे उत्तमचंद शेठ! पळत गेलो, गल्ल्यावरून त्यांना उठवायलाच लागलो. "शेठ, चला, गुजराती वाचायचंय!"

"अरे, मी मारवाडी!" शेठ कडाडले. "राजस्थानचा! तीस वर्षं शेजारी बसतोस, आणि मला गुजराती समजतोस?"

"पण शेठ, तुम्ही... व्यापारी..."

"तुझी बायको निझरची ना? गुजरातची! माझ्या मालाच्या गोण्यांवरचं गुजराती तीच वाचून देते मला! जा दुकानात!"

गेलो. दुसरं काय करणार!

योगिता बारावीपर्यंत गुजरातीत शिकली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली. तिने ओळ वाचली, उजवीकडचं बटण दाबलं. बेचाळीसच्या बेचाळीस मामा-काका सुखरूप! मग चार ठिकाणी टिचक्या मारून तिने भाषा पहिल्यासारखी केली.

"तुला एवढं येतं, आणि बोलली नाहीस?"

"तुम्हीन कधी इचारं?"

मी स्क्रीनकडे बघितलं. लाल रेघा होत्या तिथेच होत्या, रविनाखाली, दिग्विजयखाली, सगळ्याच नावांखाली. मी हळूच माउसकडे हात नेला.

"नही!" दोघं एकदम ओरडले. फत्तेसिंगने तर माझं मनगटच धरलं. "रेघा तश्याच ऱ्हाऊ दे भाऊ! महादेवले मी समजाडी दिसू!"

मी मुकाट्याने छापायचं बटण दाबलं. पहिली पत्रिका बाहेर आली, स्वच्छ! फत्तेसिंगने ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली.

"आरे! रेघा कोठे गयात? कोनी काढ्यात?"

मी छाती फुगवून तोंड उघडलं. योगिता माझ्याकडेच बघत होती.

"हिने," मी म्हणालो, आणि चहाचे कप विसळायला घेतले.